पुढच्या गाडीचा झेंडा

बुधवार, १२ नोव्हेंबर

नाही म्हणजे नाहीच ऐकत! पालथ्या घड्यावर पाणी!

काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं — दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. बाजूची नजर बरीचशी गेलेली, ती परत येत नाही. रोज थेंब घाला म्हणजे उरलीय तेवढी टिकेल. आणि गाडी चालवणं आजपासून बंद. हे मान डोलावत होते, अगदी शहाण्या मुलासारखे. आणि आज सकाळी चहा पिता पिता म्हणतात, "शुक्रवारी पहाटे पाचला निघायचं. पाण्याचे कॅन तेवढे तू भर."

"अहो, निघायचं कुठे?"

"वाळवंटात. लाँग वीकेंड आहे ना. सात गाड्या. मी एक नंबर."

चष्म्याच्या दुकानात वीस वर्षं गेली माझी. काचबिंदू म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. समोरचं लख्ख दिसतं — फळा, पेपर, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा. म्हणून तर माणसाला पत्ता लागत नाही. बाजूची नजर मात्र पडदे ओढत आणावेत तशी मिटत येते. वर्षभर हे दारांच्या चौकटींना खांदे आपटत होते, आणि मी हसत होते! "दारांनी काय घोडं मारलंय तुमचं?" मी म्हणायचे. शेवटी मीच त्या वाडग्यासारख्या यंत्रापुढे बसवलं. आत कडेकडेला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मला पडद्यावर दिसत होतं — दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, विझतोय. ह्यांचं बोट हलतच नव्हतं.

ह्यांचं म्हणणं असं, की लायसनची मुदत संपलीच आहे. पुढच्या बुधवारी त्यासाठी डोळ्यांची तपासणी, तिथे नापास होणारच. "मग ही शेवटची. सतरा वर्षं टोळी मी पुढे नेली. एवढी एक नेऊ दे." आणि वर लेकीची शपथ घातली मला! कोणाला सांगायचं नाही. लेकीला नाही, सख्ख्या बहिणीला, बारकीला नाही, टोळीत कोणालाच नाही. भूगोलाचा मास्तर, आणि शपथा घालतो!

माझा शपथांवर विश्वास नाही. पण लेकीची म्हटल्यावर तोंड उघडेना. एक आठवडा. फक्त एक आठवडा काढायचा आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

लेक पण येतेय. ऑफिसातून सोमवारचीही सुट्टी काढून मोकळी! म्हटलं थंडी असते, वाळू नाकातोंडात जाते, नको येऊस. म्हणते, "आई, तू दरवर्षी हेच म्हणतेस आणि दरवर्षी सगळ्यांत जास्त मजा तूच करतेस."

बसणार मात्र बारकीच्या गाडीत. बाबांच्या गाडीत भाषण असतं म्हणे. आत्याच्या गाडीत खाऊ असतो.

बारकी म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. बेचाळीस वर्षांची, चांगली भरल्या अंगाची, पण नाव अजून बारकीच. केक करते — लग्नाचे, तीन मजली, साखरेची फुलं एकेक पाकळी हातानं वळून. तिचा नवरा वाळूचं नाव काढलं तरी शिंकतो, तो कधी येत नाही. ही सात वर्षं ह्यांच्या मागे, दोन नंबरला. दादा चालला की बारकी चालली.

म्हणजे माझी लेक दोन नंबरच्या गाडीत. ह्यांच्या बरोब्बर मागे. पाण्याचा कॅन भरून वाहायला लागला तेव्हा नळ बंद केला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर — दुपारी, तंबूत

पोचलो. कसे पोचलो ते माझं मला ठाऊक.

डांबरी रस्ता संपला की सगळे उतरून चाकांतली हवा सोडतात. निम्म्याच्या खाली. चाक पसरतं, वाळूत रुतत नाही. मग प्रत्येक गाडीला लांब काठीवर नारिंगी झेंडा. मग ह्यांचं भाषण — दरवर्षी तेच, आणि दरवर्षी सगळे कान देऊन ऐकतात. नियम एक: एक नंबरच्या चाकोरीतून बाहेर पडायचं नाही. जिथून त्याचं चाक गेलं तिथूनच आपलं. नियम दोन: चढावर पुढच्या गाडीचा झेंडा दिसेनासा झाला, म्हणजे ती पलीकडे उतरली. तिथेच थांबायचं. पुढच्यानं वॉकीटॉकीवर "मोकळं" म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही. "लक्षात ठेवा, वाळूत डोळे एक नंबरचे. बाकीच्यांनी फक्त विश्वास ठेवायचा."

डोळे एक नंबरचे! मी टेकडीकडे तोंड करून उभी राहिले. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. इथे आंधळाच गायी हाकतोय!

गाडीत बसल्यावर मला हळूच म्हणाले, "समोरचं मी बघतो. तू फक्त बाजूचं सांगत राहा." बस्स. तीन तास माझी जीभ टाळूला लागली नाही. "डावीकडे झुडूप... उजवी बाजू खचतेय... डावीकडे खड्डा, खड्डा, अहो खड्डा!" मला गाडी येते ती बाजारापर्यंतची. वाळूतलं मला काय कळतं? कुठली घट्ट, कुठली भुसभुशीत, काही कळत नाही. दिसलं ते बोलत सुटले. हे ऐकत होते आणि चालवत होते. आणि — लिहायला लाज वाटते — छान चालवत होते! एकदा तर हसून म्हणाले, "बघ, जमतंय की आपल्याला."

उतरल्यावर गॅरेजवाला आला. त्याची गाडी सगळ्यांत शेवटी असते, रुतलेल्यांना ओढून काढायला, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणतात. म्हणाला, "वहिनी, वळणावर काचेतून दिसत होतं, तुमचं तोंड आज नुसतं चालू! काय एवढं?"

"भांडत होतो," मी म्हणाले.

"मग ठीक आहे."

सगळे हसले. हेसुद्धा.

शनिवार, १५ नोव्हेंबर — सकाळी सात

हे आत्ता तंबूच्या दोरीला अडखळून सपशेल आडवे झाले. अख्ख्या टोळीनं टाळ्या वाजवल्या. बारकी म्हणाली, "दादा, काल नंतर काय प्यायलास?" हे उठून वाळू झटकत वाकून नमस्कार करतायत. मी अंडी फोडत होते, दोन टरफलासकट पडली.

आज, उद्या, परवा. बुधवारपर्यंत चार दिवस.

शनिवार — दुपारचे चार

लिहिलं नाही तर वेड लागेल. 

बारा ते तीन गाडी हलवायची नाही, हा नियम ह्यांचाच. सूर्य डोक्यावर आला की वाळूला सावली राहत नाही. चढ, उतार, कडा — सगळं एकाच रंगाचं. धडधाकट डोळ्यांनाही फसवतं. पण सकाळी टोळीतल्या नवरदेवाचं (नवीकोरी गाडी घेतलीय, सारखा पुसत असतो, म्हणून नवरदेव) टायर रिंगमधून सुटलं. ते बसवण्यात दीड तास गेला. आणि ह्यांना सगळ्या टोळीला वाळूतली एक मोठी खोलगट जागा दाखवायचीच होती. माझी शेवटची आहे, हे तोंडानं म्हणाले नाहीत, पण मला ऐकू आलं. मी म्हटलं, "अहो, बारा वाजलेत." म्हणाले, "पाच मिनिटांचं तर आहे."

चढ चढलो. माथ्याशी वेग कमी केला आणि मला विचारलं, "पुढे कसं आहे?"

मी पाहिलं. नीट पाहिलं! मान लांब करून पाहिलं. सगळं पिवळं-पांढरं, शांत.

"सपाट वाटतंय. चला," मी म्हणाले.

मी म्हणाले. मी!

सपाट नव्हतं. दोन पुरुष उंचीचा कडा होता. गाडी नाकावर गेली. मग धाडकन आपटलो आणि काचेवर नुसती वाळू. पट्ट्यानं छाती आवळली. दोघेही धड होतो. हे वॉकीटॉकी शोधत होते — "थांबा" म्हणायला — आणि तो आपटण्यात सीटखाली गेलेला. मीही खाली वाकून चाचपडत होते. तेवढ्यात डोक्यावर इंजिनाचा आवाज आला.

मी म्हणाले, "नाही. नाही, ती थांबेल. झेंडा दिसत नाही म्हटल्यावर थांबेल."

बारकी थांबली नाही. आमच्या चाकोरीतून सरळ आली, वरून सुटली, आणि आमच्यापासून चार पावलांवर कुशीवर पडली.

लेक! मी काय ओरडले मला आठवत नाही. दार उघडेना, मी खिडकीतून बाहेर पडले. गुडघे सोलले तेही कळलं नाही. लेक वरच्या बाजूच्या खिडकीतून स्वतः बाहेर आली, केसांत वाळू, आणि हसत होती. भीतीनं हसत होती. मी तिला चापट मारली. का मारली? नंतर कवटाळलं. तिला खरचटण्यापलीकडे काही नाही. काही नाही. काही नाही.

बारकीचा उजवा हात स्टिअरिंगमध्ये पिळवटला. मनगट नको तिथे वळलंय.

शेपूट बाकीच्या गाड्या दुसऱ्या वाटेनं घेऊन खाली आला. दोऱ्या लावून बारकीची गाडी उभी केली. बारकीला सावलीत बसवलं, हाताला तंबूच्या काठीचा तुकडा बांधला. ती ओठ चावत होती. हे तिच्यापुढे उकिडवे बसले. आता सांगतील, मला वाटलं. आत्ता सांगतील. सगळी टोळी भोवती उभी होती.

पण बारकीच आधी बोलली. "दादा, चूक माझी. झेंडा दिसेना झाला, मी थांबायला हवं होतं. भाचीशी गप्पा मारत होते. लक्षच नव्हतं."

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

हे म्हणाले, "असू दे गं, बारके. होतं असं कधी कधी."

असू दे गं!

रविवार, १६ नोव्हेंबर — हॉस्पिटलच्या बाकावर

काल तिथून निघायला पाच वाजले. ह्यांनी गाडी शेपटाकडे दिली. "कंबर धरलीय," म्हणाले. कंबर! निदान तेवढी तरी लाज! बारकीची गाडी चालू होत होती, पण चालवायची कोणी? लेक म्हणाली, "मी चालवते." आणि तिनं वाळूतून एकदाही न रुतता रस्त्यापर्यंत आणली. शेपूट मला म्हणतो, "अगदी बापावर गेलीय हं!" ह्यांची छाती फुगली. अशा दिवशीसुद्धा फुगली.

मनगटाची दोन हाडं मोडलीत. आज आत धातूची पट्टी बसवून शिवलं. डॉक्टर म्हणतात, तीन महिने. बारकीनं पहिलं काय विचारावं? "पुढच्या रविवारचा केक कोण करणार?" मग डाव्या हातानं माझा हात धरला. "वहिनी, दादाला काही बोलू नकोस हं. त्याला उगाच लागून राहील."

त्याला लागून राहील! मला तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून उशी नीट करत बसले. नीटच असलेली उशी चार वेळा नीट केली.

तिचा नवरा कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना चहा देत फिरत होता. मला म्हणाला, "नशीब, तुम्ही तिथे होतात."

सोमवार, १७ नोव्हेंबर

भांडले. लेक आंघोळीला गेल्यावर भांडले, कारण भांडायलासुद्धा चोरी आहे या घरात.

मी म्हटलं, "तिला सांगा. तुमच्या सख्ख्या बहिणीला सांगा की कडा तुम्हाला दिसला नाही. उगाच स्वतःला खात बसलीय ती."

हे बूट पुसत होते. वाळू निघत नव्हती. म्हणाले, "तूच म्हणालीस ना, सपाट आहे?"

 रागावून बोलले असते तर मीही बोलले असते. रागानं नाही बोलले. खरं तेच बोलले.

नंतर लेक केस पुसत स्वयंपाकघरात आली. "आई, आत्या खोटं बोलतेय. आम्ही गप्पा मारतच नव्हतो. चढावर आत्या कधी बोलत नाही, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून नुसती चाकोरीकडे बघत असते. मी ओरडलेसुद्धा, आत्या, झेंडा गेला! ब्रेक लागेपर्यंत आम्ही कड्याबाहेर."

"मग खोटं का बोलेल?"

"तेच तर! बाबांना वाचवायला असेल. बाबांनी बाराच्या उन्हात नेलं म्हणून कोणी बोलू नये, म्हणून."

हो. तेच असणार. दादा विहिरीत गेला तरी मागोमाग जाईल, आणि वर आल्यावर म्हणेल, पाय माझा घसरला. आणि दादा? दादा म्हणतो, असू दे गं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

उद्या. उद्या एकदाचं संपेल. नापास होतील, किल्ली ठेवतील, मग बारकीशी बोलतील. स्वतः म्हणालेत.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पास.

मी बरोबर गेले होते. अरुंद खोली, भिंतीवर तक्ता, टेबलामागे घाईतला डॉक्टर. बाहेर बाकावर अकरा माणसं. "डावा डोळा झाका. वाचा." वाचलं. "उजवा झाका. वाचा." वाचलं. शेवटची ओळसुद्धा! अर्थात वाचणार, समोरचंच तर दिसतंय! हे मी ओळखायला नको होतं? मी! वीस वर्षं तो तक्ता लोकांना वाचायला लावतेय. नापास होणारच असं हे म्हणाले आणि मीही धरून चालले. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काही आजार? औषध?"

"काही नाही," हे म्हणाले.

मी खुर्चीत बसले होते. तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं! ह्यांनी वळून पाहिलं माझ्याकडे, म्हणजे पूर्ण मान वळवून, कारण त्याशिवाय मी दिसत नाही. धमकावत नव्हते. विनवत होते. छपन्न वर्षांचा माणूस, शाळेतल्या मुलासारखा.

ठप्पा बसला. पाच वर्षं.

जिना उतरताना कठड्याला धरून म्हणाले, "बघ, दिसतंय मला. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येऊन भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

संध्याकाळी गॅरेजमध्ये टोळीची बैठक झाली. अपघात झाला की बैठक होते, आणि कोणाचं चुकलं ते वहीत लिहितात. त्यात सूट नाही. तेलाच्या डब्यांवर सगळे बसलेले. बारकी हात गळ्यात बांधून आली, डाव्या हातानं चिठ्ठी लिहून आणलेली, पहिलीतल्या मुलासारखं अक्षर. "झेंडा दिसेनासा होऊनही थांबले नाही. चूक सर्वस्वी माझी."

शेपूट म्हणाला, "बाराच्या उन्हात जायलाच नको होतं, हे पण लिहा." शाबास, मला वाटलं, चल, पुढे बोल! पण बारकीच म्हणाली, "त्याचा काय संबंध? थांबले असते तर पडले नसते." विषय मिटला.

नियमाप्रमाणे एक वर्ष टोळीच्या गाडीला हात लावायचा नाही. ते वाचून कोणी दाखवावं? ह्यांनी! पुढारी ना!  शेवटपर्यंत वाचलं. खाली सही केली. बारकी हसून म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा."

मी उठून बाहेर गेले. टायरच्या ढिगाशी उभी राहिले. आत जाऊन सगळं सांगावं, दहा पावलांचं तर काम होतं. शपथ, शपथ! आणि शपथेपेक्षा मोठं म्हणजे ते "सपाट आहे, चला". सांगायचं तर तेही सांगावं लागेल.

परत आत आले तर टाळ्या चाललेल्या. काय झालं म्हणून विचारलं. नवरदेव म्हणाला, "काकू, अभिनंदन! डिसेंबरच्या शेवटी नऊ गाड्या. आणि दोन नंबरला कोण माहितेय?"

लेक. माझी लेक. ह्यांच्या मागे, ह्यांच्या चाकोरीतून. ती धावत येऊन गळ्यात पडली. हे लांबून माझ्याकडे बघत हसत होते, आणि माझा चेहरा त्यांना दिसत होता की नाही कोण जाणे.

नाही. आता नाही. गेली खड्ड्यात शपथ! उद्या बारकीकडे जाते. ह्यांना कोणी थांबवू शकत असेल तर तीच.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं. बारकीच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, सगळं सांगितलं. काचबिंदू, यंत्र, शपथ, "सपाट आहे, चला". म्हटलं, तू दादाला वाचवायला खोटं बोललीस, पण आता माझ्या लेकीचा जीव —

ती ऐकत होती. रडेल वाटलं, चिडेल वाटलं. तिनं स्टूल ओढलं, बसली. म्हणाली, "वहिनी, मी दादाला वाचवत नव्हते. मला झेंडा दिसलाच नाही. मला चाकोरीपलीकडचं दिसतच नाही गं. दोन वर्षं झाली. थेंब घालते. आमच्या ह्यांनासुद्धा माहीत नाही."

मग म्हणाली, "आईची नजर मोतीबिंदूनं गेली म्हणायचो ना, तो मोतीबिंदू नव्हताच. हेच होतं. माझ्याकडून वचन घेतलं होतं तिनं, दादाला कळू द्यायचं नाही."

दुकानात रोज लोकांना बजावते मी — घरात एकाला निघाला की सगळ्यांचे डोळे तपासून घ्या, भावंडांचे, मुलांचे. रोज!

तिथूनच लेकीला फोन लावला. हॉर्नचा आवाज येत होता. "बोल आई, गाडी चालवतेय, स्पीकरवर आहेस."

"बाजूला घे," मी म्हणाले. "काही विचारू नकोस. आधी गाडी बाजूला घे."